काबऱ्याला बाहेर न्यायचे दिवस

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवत बसावं लागत नाही. द्वारकाफुईचे. फुई म्हणजे आत्या. आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात आणि सुरतेत आल्यावर कळलं की गुजराती माणूसही तिला फोईच म्हणतो. तेवढ्या एका शब्दामुळे हे शहर मला पहिल्या दिवशी थोडं कमी परकं वाटलं होतं.

मी लहान असतानाच आई गेली. वडील ऊसतोडीला बारडोलीकडे जायचे ते होळीपर्यंत परतत नसत. फुई सासर सोडून माहेरी आलेली. "माले कोनी काढं नही, मी सोता निंघी उनू," मला कुणी काढलं नाही, मी स्वतः निघून आले, असं ती अजूनही ठासून सांगते. गावातली शाळा चौथीला संपायची. तेव्हा कुणाला न विचारता तिनं माझं बखोट धरलं, दोंडाईच्याला एक खोली भाड्यानं घेतली आणि मिरचीच्या गोदामात देठं खुडायला जाऊ लागली. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या हातांची आग आग होत असायची. ताकात हात बुडवून बसायची. मला जवळ घ्यायचं असलं तर मनगटांनी घ्यायची, माझं नाक पुसायचं असलं तर पदराचं टोक कोपराच्या वळात धरून पुसायची. त्या हातांनी मी दहावी झालो, बारावी झालो, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या घरात पदवी म्हणजे काय असतं हे तोवर कुणी पाहिलं नव्हतं. फुईनं निकालाचा कागद हातात घेतला नाही. "तिखा हात शेतस," म्हणाली, हात तिखट आहेत, आणि लांबूनच बघितला.

हे सगळं आज आठवायचं कारण पोंक. या आठवड्यात सुरतेत पोंकवाले बसले. कोवळ्या ज्वारीची कणसं गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, बडवतात, पाखडतात, आणि हिरवेगार मऊ दाणे लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खायला देतात. सुरतेचा माणूस वर्षभर याची वाट बघतो. फुई पहिल्यांदा पोंकवाल्यांच्या तंबूंजवळून गेली तेव्हा थबकली, नाक वर केलं आणि मोठ्यानं म्हणाली, "हाऊ त आपला हुरडा शे!" पोंकवाला हसला. तिच्या पायाशी काबऱ्यानंही नाक वर केलं होतं. दोघांचे चेहरे त्या क्षणी मला सारखेच दिसले.

काबऱ्या म्हणजे आमचा कुत्रा. पांढऱ्यावर काळे-तपकिरी ठिपके, एक कान उभा आणि एक पडलेला. आता त्याच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेत आणि पोंकाच्या वासाला तो उठून बसत नाही, नुसती शेपटी हलवतो. पण मी सांगतोय त्या हिवाळ्यात तो ऐन भरात होता, आणि त्या एका हिवाळ्यात त्याला घराबाहेर जाऊनच विधी करायला शिकवणं, एवढं एकच काम आमच्या घराला होतं.

माझं शिक्षण संपल्यावर फुई दोंडाईच्याहून गावी परतली होती, वडील गेल्यावर ती तिथं एकटी राहिली. मी सुरतेत एका डाईंग मिलच्या लॅबमध्ये लागलो होतो. कापडाचे रंग जुळवायचं काम. लग्न झालं, सुरतेतच कोसाडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आणि मी फुईच्या मागे लागलो. चल. आता तू चल. ती वर्षभर टाळत राहिली. शेवटी एका दिवाळीला म्हणाली, "काबऱ्या येई तर मी येसू." काबऱ्या आला तरच मी येईन. माझी बायको सुवर्णा सुरतेतच वाढलेली, लिंबायतची, आईवडील खानदेशातले. तिनं माझ्याकडं पाहिलं. कुत्रा पाळण्याचा विचार तिच्या सात पिढ्यांत कुणी केला नसावा. पण ती म्हणाली, "येऊ दे ना फुई. घरात एक माणूस वाढलं." तिनं कुत्र्याला माणूस म्हटलं की फक्त फुईलाच मोजलं, हे मी तेव्हा विचारलं नाही.

सामानाच्या टेम्पोत, जात्याच्या आणि गोधड्यांच्या गाठोड्याच्या मधे, फुई आणि काबऱ्या बसून आले. वाटभर तो तिच्या मांडीत तोंड खुपसून होता.

गावाकडं काबऱ्यानं कधी घर घाण केलं नव्हतं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर तो पाय जपून टाकायचा. सकाळी दार उघडलं की तडक मागच्या बाभळीखाली, आणि मोकळा होऊन परत. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. घर आणि बाहेर यांच्यातली रेघ त्याच्या पायांना ठाऊक होती. फ्लॅटमध्ये ती रेघच हरवली. इथं जमीन म्हणजे गुळगुळीत फरशी, जिच्यावर त्याचे पाय घसरायचे. दार उघडलं की अंगण नाही, जिना. लिफ्टचं दार सरकलं की तो भिंतीला चिकटून थरथरायचा. दोन दिवस त्यानं काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याला गॅलरी सापडली.

सुवर्णा किंचाळली म्हणून आम्ही धावलो. गॅलरीच्या कोपऱ्यात, तुळशीच्या कुंडीशेजारी, काबऱ्या अगदी निर्धास्त उभा होता. काम उरकून, मागच्या पायांनी फरशीवर नसलेली माती उकरत होता. फुई त्याच्याकडं बघत म्हणाली, "त्याले आभाय दिखनं. त्याले वाटनं हाईज बाहेर."

मला ते पटलं. जिथं आभाळ दिसतं ते बाहेर, हा त्याचा कायदा होता, आणि गावाकडं तो कायदा कधी चुकला नव्हता. फ्लॅट बांधणाऱ्यांनी आभाळाचा एक तुकडा घराच्या आत घेतला, यात कुत्र्याचा काय दोष? पण हे तत्त्वज्ञान खालच्या मजल्यावरच्या जशुबेनला कोण सांगणार. आमच्या गॅलरीचं पाणी जाण्याच्या भोकातून थेंब थेंब त्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडत होतं.

"सुवर्णाबेन! जरा नीचे आवो तो! आ जुओ, उपरथी शुं टपके छे!"

सुवर्णा खाली गेली. मीही गेलो. जशुबेनचे यजमान आमच्या सोसायटीचे प्रमुख होते, त्यामुळे त्यांची तक्रार म्हणजे तक्रार आणि निकाल दोन्ही एकदमच असायचं. त्यांनी चादर माझ्या नाकासमोर धरली.

"गोपाळभाई, तमे तो भणेला छो," त्या म्हणाल्या. तुम्ही तर शिकलेले. "गामडानो कूतरो फ्लॅटमां केम रहे?"

"शिकेल, जशुबेन," मी म्हणालो. "नवीन जागा आहे."

"उत्तराण सुधी जोउं छुं. मारे त्यां मेहमान आववाना छे. पछी गाम मोकली देजो."

संक्रांतीला इथं उत्तराण म्हणतात. सगळी सोसायटी गच्चीवर असते, घराघरात पाहुणे असतात. तोवर कुत्रा सुधारला नाही तर त्याला गावी पाठवा, असा तो निकाल. आम्ही वर आलो तर फुई जिन्यात उभी होती. अहिराणी आणि गुजरातीत फार अंतर नाही, तिला सगळं समजलं होतं.

"त्याले गावले धाडशात," ती शांतपणे म्हणाली, "त मालेबी संगेच धाडा."

एवढं बोलून ती आत जाऊन लसूण सोलत बसली. तिला राग आला नव्हता. ती फक्त जे आहे ते सांगत होती. पण मला त्या दिवशी लॅबमध्ये एकाही छटेचा मेळ बसवता आला नाही. वर्षभर विनवण्या करून जिला आणलं, ती एका कुत्र्याच्या ओल्या कोपऱ्यावरून परत जाणार होती. आणि गावात आता तिच्यासाठी कोण होतं?

कुत्र्याला शिकवायचं म्हणजे काय करायचं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मी मोबाइलवर शोधायचो, सुवर्णा शेजारणींना विचारायची. वर्तमानपत्र अंथरून झालं. काबऱ्या त्या वर्तमानपत्रावर झोपायचा आणि विधी शेजारी करायचा. गॅलरीचं दार बंद ठेवून झालं. मग तो दाराला टेकून रडायचा, आणि फुई उठून दार उघडायची. त्याचं नाक त्यात घासून एक चापट मारावी, असं कुणीतरी सुचवलं. मी त्याला मानेला धरून गॅलरीत नेलं, तेवढ्यात फुई मधे आली.

"हात लावू नको त्याले, गोपाय!" तिच्या तोंडी ळ नाही, त्या जागी य येतो. "नवी जागा शे. घाबरेल शे तो. तू काय कमी व्हता? दोंडाईच्याले उनूत तवय रोज गोधडी वली करे!"

सुवर्णा दारात उभी होती. तिच्या हातातलं भांडं खाली पडलं नाही एवढंच.

"रोज?" तिनं विचारलं.

"रोज," फुई म्हणाली. "पाऊसकाया सरेपर्यंत."

त्यानंतर बरेच दिवस मी काही मोठेपणानं बोलायला लागलो की सुवर्णा नुसतं "गोधडी" म्हणायची. पण मला खरंच ते आठवलं. दोंडाईच्याची खोली, पत्र्यावर वाजणारा पाऊस, आणि पहाटे अंगाखालचा तो गार ओला पट्टा. जाग आली की मी डोळे मिटूनच पडून राहायचो. फुई काही न बोलता मला उचलून तिच्या कोरड्या बाजूला ठेवायची, गोधडी काढायची आणि घरमालकीण उठायच्या आत आडाजवळ धुऊन टाकायची. पावसाळ्यात ती गोधडी वाळणार कशी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. संध्याकाळी त्या गोधडीला चुलीचा वास यायचा, यावरून आज अंदाज येतो. तिनं मला कधी रागावून विचारलं नाही, आणि एके दिवशी ते आपोआप थांबलं. काय बदललं होतं? मला वाटतं, ती खोली माझी झाली होती.

मी काबऱ्याची मान सोडली.

पण काबऱ्याचं काही थांबेना. उलट तो गॅलरीचा तोच कोपरा अगदी नेमानं वापरू लागला. फुईला त्याचं फार वाईट वाटायचं, कारण तिथंच तुळस होती. प्रत्येक वेळी ती स्वतः वाकून फरशी धुवायची, आणि मग शुद्धीसाठी गोमूत्र शिंपडायची. गोशाळेतून आणलेली बाटली तिच्या देवघरात असायची. गावाकडं विटाळ झाला, सुतक फिटलं, काही अमंगळ घडलं की गोमूत्र शिंपडायचं आणि जागा पवित्र झाली असं धरायचं. तिनं आयुष्यभर तेच केलं होतं. त्यामुळे आमची गॅलरी त्या दिवसांत कोसाडमधली सगळ्यात पवित्र गॅलरी होती. काबऱ्या तिथं यायचा, कोपरा मन लावून हुंगायचा आणि पाय वर करायचा.

मग एकदा बाटली संपली. गोशाळेचा माणूस सोसायटीत फिरकलाच नाही. फुई नुसत्या पाण्यानं कोपरा धूत राहिली, आणि त्या दिवसांत काबऱ्या गॅलरीत जाऊन यायचा, गोंधळल्यासारखा दोनदा गिरकी घ्यायचा आणि परत यायचा. माणूस आला, नवी बाटली आली, फुईनं समाधानानं शिंपडलं. संध्याकाळी कोपरा ओला.

सुवर्णा स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "अहो, केमिस्ट्रीचे ग्रॅज्युएट ना तुम्ही?"

"का गं?"

"मुताचा वास आला की कुत्र्याला काय वाटणार? मग तो गाईच्या मुताचा का असेना. त्याला वाटतं, इथं आधी कुणीतरी करून गेलंय. म्हणजे हीच जागा."

मी कपाळावर हात मारला. रोज अमोनियाच्या वासात काम करणारा माणूस मी. पण हे फुईला कसं सांगायचं? तिची एवढी भक्ती, एवढं वाकणं. मी दोन दिवस शब्द जुळवत राहिलो. सुवर्णानं मात्र जुळवाजुळव केली नाही. फुईच्या शेजारी बसून मेथी निवडता निवडता तिनं सरळ सांगून टाकलं. फुईचा हात थांबला. मला वाटलं आता ती दुखावणार. तिनं गॅलरीकडं पाहिलं, बाटलीकडं पाहिलं, काबऱ्याकडं पाहिलं.

"म्हंजे मीच त्याले रोज आवतन देत व्हतू?"

आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीच त्याला रोज आमंत्रण देत होते! काबऱ्या शेपटी हलवत उठला, त्याला वाटलं काहीतरी चांगलं घडलंय. त्या दिवशी कोपरा सोड्याच्या गरम पाण्यानं घासून काढला. गोमूत्राची बाटली देवघरात परत गेली आणि तुळशीपुढं फुई हळदीचं पाणी शिंपडू लागली. "देवले चाली जास," म्हणाली. देवाला चालतं.

वास गेला, आता त्याला बाहेरची वाट दाखवायची होती. हे काम फुईनं स्वतःकडं घेतलं. उजाडताच कोनाड्यातली दोरी काढायची, "चाल रे काबऱ्या," म्हणायचं आणि जिना उतरायचा. लिफ्ट दोघांनाही नको होती. चहा झाला की पुन्हा, जेवण झालं की पुन्हा, दुपारची झोप झाली की पुन्हा. सोबत एक पाण्याचा डबा आणि एका जुन्या घमेल्यात चुलीची नसली तरी कुठून तरी मिळवलेली राख. सोसायटीच्या मागं मोकळा प्लॉट होता, तिथं वेड्या बाभळीची झुडपं माजली होती. काबऱ्याला त्यातलं एक झुडूप पसंत पडलं. त्याचं झालं की फुई त्यावर राख-माती टाकायची, मांजर टाकतं तशी.

सुरतेचा हिवाळा म्हणजे नावाचाच, पण त्या सकाळी प्लॉटवर धुक्याचा पातळ पडदा असायचा. लूमच्या कारखान्यांची खटखट लांबून यायची. रात्रपाळी संपवून सायकलवर परतणारे कामगार फुईला ओळखू लागले होते, कारण ती त्यांना अहिराणीत हाक मारायची आणि त्यातले निम्मे आमच्याच मुलखातले निघायचे. "फुई, कुत्राले फिराले काढं का?" "तो माले फिरावस, भाऊ!" आकाशात पतंग दिसू लागले होते. काबऱ्या तुटून आलेल्या पतंगांवर भुंकायचा.

आणि तो शिकला. सुवर्णानं एका सकाळी मला हलवून उठवलं, बोट ओठांवर ठेवलं. काबऱ्या मुख्य दारापुढं बसला होता. गॅलरीचं दार सताड उघडं, आभाळ समोर, आणि तो त्याच्याकडं पाठ करून बंद दाराकडं बघत होता. एकदा दाराकडं, एकदा फुईच्या गोधडीकडं. एवढ्याशा जनावरानं आपला जुना कायदा बाजूला ठेवला होता. आभाळ दिसलं म्हणून बाहेर नाही, हे त्यानं आमच्यासाठी मान्य केलं होतं.

जशुबेनच्या चादरी पांढऱ्याशुभ्र राहू लागल्या. पुढं त्याच कुणाला तरी सांगताना मी ऐकलं, "अमारो काबरो बहु समजदार." आमचा काबरो.

उत्तराणच्या सकाळी सगळी सोसायटी गच्चीवर होती. पतंग कापला की "काय पो छे!" चा आरडाओरडा, स्पीकर, तिळाची चिक्की. फुई दिसेना. पतंग बघायला ती उत्सुक होती, म्हणून मी तिला आणायला खाली गेलो. घरात नव्हती. प्लॉटवर नव्हती. परत येताना पार्किंगच्या कोपऱ्यात मला काबऱ्या दिसला. वॉचमनसाठी बांधलेल्या संडासाच्या दाराबाहेर तो दोन पाय पुढं करून बसला होता, पहाऱ्याला बसावा तसा. मी थांबलो. आतून पाण्याचा आवाज आला. कडी वाजली आणि फुई डबा घेऊन बाहेर आली.

मला बघून ती क्षणभर घोटाळली. मग दोरी हातात घेत म्हणाली, "त्याले घाई लागनी व्हती."

काबऱ्याला घाई झाली होती, म्हणून ती खाली आली होती. मी म्हणालो, "हो फुई. चल, वर पतंग बघायला चल."

गच्चीवर मी फिरकी धरून उभा होतो, पण माझं लक्ष आकाशात नव्हतं. काबऱ्या शिकून बरेच दिवस झाले होते. दिवसातून दोनदा गेला तरी त्याला पुरत होतं. तरी फुई उजाडता, चहानंतर, जेवणानंतर, तिन्हीसांजेला, तीन मजले उतरत होती आणि चढत होती. आल्या दिवशी ती एकदाच बोलली होती, "घरमा देव, अन् देवना भिंतले लागीसन संडास. कोनी बांधं हाई घर?" आम्ही हसलो होतो. स्वयंपाकघर, देवघर आणि संडास, सगळं एका भिंतीच्या अल्याड-पल्याड. जी बाई आयुष्यभर पहाटे डबा घेऊन शेताकडं गेली, पुढं परसात संडास आला तरी अंगण ओलांडून गेली, तिला घराच्या पोटात, सुनेच्या स्वयंपाकाशेजारी बसणं जमत नव्हतं. आणि ते कुणाला सांगणंही जमत नव्हतं. मग मला तिचं पाणी न पिणं आठवलं. "तहान नही शे," म्हणून परत केलेले तांबे. आम्ही समजत होतो की फुई कुत्र्याला रोखून धरायला शिकवतेय.

हे सगळं लिहू का, असं मी परवा तिला विचारलं. ती तांदूळ पाखडत होती. "लिखी टाक," म्हणाली. "झाकी ठेवं तर वास जास का?"

त्या उत्तराणच्या रात्री सुवर्णाला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हाला आत्ता कळलं? मी संडासापुढं दोनदा पडदा लावून पाहिला. मी मुद्दाम बाजारात निघून जाते दुपारी. पण त्या भिंतीचं काय करायचं?"

फाल्गुनात फुईचे गुडघे बोलायला लागले. जिना चढताना मधे दोनदा बसायची, काबऱ्या पायरीवर शेजारी बसायचा. एक दिवस ती म्हणाली, "जरा गावले जाई येस." मी समजलो. काबऱ्यालाही ने, म्हणालो, तर तिनं मान हलवली. "तो आते शिकी गया. आठेच ऱ्हाऊ द्या त्याले. तठे नेसू तर समदं इसरी जाई." तिकडं नेलं तर सगळं विसरून जाईल. ती त्याच्यापुढं बसली, त्याचा पडलेला कान उभा करून पाहिला, तो पुन्हा पडला, आणि ती बसस्टँडला निघाली.

शहरात एक शिकला आणि एक शिकला नाही. जो शिकला तो तिच्या बळावर शिकला. हे मी कितीतरी वेळा मनात घोळवलं. मला वाटतं, आम्ही शिकलेली माणसं या एका गोष्टीत चुकतो. आपण ज्यांच्या खांद्यावरून वर आलो, त्यांनीही आता आपल्यासारखं व्हावं, असं धरून चालतो. फ्लॅट आपल्याला सुख वाटला म्हणजे त्यांनाही वाटलाच पाहिजे. आणि त्यांना नाही जमलं तर आपण हळहळतो, पण घर तेच ठेवतो.

फोनवर ती "येसू, येसू" म्हणायची. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. काबऱ्या तिन्हीसांजेला दाराशी जाऊन बसायचा आणि मी दोरी घेऊन आलो की माझ्यामागं जिन्यात बघायचा. गावाकडच्या शेजारच्या काकूंनी कळवलं की फुईला घेरी येऊन ती अंगणात बसली होती. फुईनं ते सांगितलं नव्हतं.

मग सुवर्णानं घरं बघायला सुरुवात केली. दलाल दाखवेल ते घर ती मागच्या दारानं बघायला सुरुवात करायची. शेवटी कोसाडमध्येच एक जुनं रो-हाऊस मिळालं. तळमजला, पुढं ओटा, मागं फरशी न घातलेलं लहानसं अंगण. फ्लॅट भाड्यानं दिला आणि ते भाड्यानं घेतलं. जशुबेन बघायला आल्या आणि कपाळाला हात लावला.

"अरे, पण त्यां तो संडास बहार छे!"

"अमारे तो ए ज जोइए छे, जशुबेन," सुवर्णा म्हणाली. आम्हाला तेच हवंय.

पोंकवाले तेव्हा नुकतेच बसले होते. फोनवर मी नुसता हो-हो करतो, कागदावर खरं बोलतो, असं फुई म्हणते. ती चौथीपर्यंत शिकलेली, बोट ठेवून अक्षर अक्षर वाचते. म्हणून मी पत्र लिहिलं. अक्षर मोठं काढलं.

तीर्थरूप द्वारकाफुईस,
साष्टांग नमस्कार.

आम्ही घर बदललं. जिना नाही. काबऱ्याचं आता वय होत चाललं, त्याला तीन मजले चढणं-उतरणं बरं नव्हतं, म्हणून सुवर्णानं हे घर पसंत केलं. मागं मातीचं अंगण आहे. पहिल्या दिवशी काबऱ्यानं चारही कोपरे हुंगले आणि मधोमध लोळला.

अंगणाच्या पलीकडं, कुंपणाच्या भिंतीला लागून, संडास आहे. घरापासून लांब आहे. देवघर पुढच्या खोलीत ठेवलं आहे. मधे सगळं घर आणि अंगण येतं. घरमालक म्हणाला, पाडून आत नवा बांधून देतो. सुवर्णा त्याला म्हणाली, राहू द्या, काबऱ्याला त्याच्या सावलीत झोपायची सवय लागली आहे. हे खोटं नाही. तो खरंच तिथं झोपतो.

शेजारी पिंप ठेवलं आहे, ते सकाळीच भरून ठेवतो. त्यामुळे काबऱ्याला दिवसभर हवं तेवढं पाणी पिता येतं. तो आता भरपूर पाणी पितो. दिवसातून कितीही वेळा मागं जाऊन आला तरी कुणाला विचारावं लागत नाही आणि कुणी बघतही नाही.

दार जुनं होतं, ते बदललं. काबऱ्याला कडीची काही गरज नाही, तरी मी आतून नवीन कडी बसवून घेतली आहे.

तुझा,
गोपाळ